थर आणि मजले

टिळकांचे 'द आर्क्टिक होम इन द वेदाज्' हे पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? नावाने शिव्या बऱ्याच जणांनी दिल्या असतील. वाचलेले थोडेच. मी ते यंदाच्या पावसाळ्यात मुळशीत बसून पुन्हा वाचले, आणि माझे म्हणणे असे आहे की आपल्या पोरांनी ते वाचलेच पाहिजे. आर्य उत्तर ध्रुवावर राहत होते की नव्हते, या वादासाठी नाही. भूगर्भशास्त्रासारखे खरेखुरे शास्त्र हाताशी धरून एका समाजाची कुळी कशी रचली जाते, ते या पुस्तकात उघड्यावर बघायला मिळते म्हणून. दुसरे कारण माझ्या दृष्टीने जास्त निकडीचे आहे. तीच रचना आज आपल्या बैठकांत, आपल्याच पत्रकांत, उलटी करून मांडली जात आहे. आणि उलटी केली की ती क्रांतिकारक होते असा आपला समज झाला आहे.

पुस्तक १९०३ सालचे. त्याच्या दहा वर्षे आधी टिळकांनी 'ओरायन'मध्ये नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजारांच्या आसपास नेला होता. तेवढ्याने भागले नाही. ऋग्वेदातली उषा संपता संपत नाही. देवांचा दिवस-रात्र मिळून माणसाचे एक वर्ष होते. पारशांच्या वेंदिदादमध्ये आर्यांच्या मूळ भूमीवर दहा महिन्यांचा हिवाळा कोसळतो. ही सारी वर्णने जिथे बसतील असा प्रदेश पृथ्वीवर एकच, ध्रुवाभोवतीचा, असे टिळक म्हणतात. वाचक म्हणून माणूस तयारीचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकेक ऋचा ते वकिलासारखी उलटतपासणीला उभी करतात. कल्पना मात्र त्यांची एकट्याची नव्हे. बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि मेथडिस्ट पंथाचे धर्मपंडित वॉरन यांनी १८८५ साली 'पॅराडाइज फाउंड' नावाचे पुस्तक काढून मानवजातीचा पाळणा उत्तर ध्रुवावर टांगला होता. टिळक त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करतात. म्हणजे बायबलातली एदनची बाग आणि वेदांतले मूलस्थान एकाच बर्फावर येऊन बसले. याबद्दल पुण्यातल्या कुणा धर्ममार्तंडाने प्रायश्चित्त मागितल्याचे ऐकिवात नाही.

आता अडचण अशी की ध्रुवावर बर्फ असते. तिथे यज्ञ करायचे कसे, गाई चारायच्या कुठे? इथे टिळक भूगर्भशास्त्राला साक्षीला बोलावतात. दुसरे प्रकरण सगळे हिमयुगावर आहे. पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली, दोन हिमयुगांच्या मधल्या काळात ध्रुवप्रदेश उबदार होता, हे त्या वेळचे ताजे शास्त्र. शेवटचे हिमयुग कधी संपले यावर तेव्हा दोन तट होते. एक तट पृथ्वीच्या कक्षेच्या गणितावरून ऐंशी हजार वर्षांपूर्वी म्हणे. अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ नायगाऱ्याच्या धबधब्याने दरी किती कोरली याचा हिशेब करून आठ-दहा हजार वर्षे सांगत. टिळकांनी अमेरिकनांचा आकडा उचलला, कारण ऐंशी हजार वर्षे वेद तोंडपाठ राहिले असे म्हणायला त्यांचीही जीभ रेटेना. मग मांडणी पक्की झाली: ध्रुवावर चिरवसंत, त्यात आर्यांची वस्ती, इसवी सनापूर्वी दहा ते आठ हजारांच्या सुमारास बर्फाने घर उद्ध्वस्त केले, आर्य दक्षिणेला निघाले.

आकडा निवडण्यात टिळक चुकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. हिमयुग सुमारे ११ हजार ७०० वर्षांपूर्वी संपले असे आज मानतात, म्हणजे अमेरिकन तटच खऱ्याच्या जवळ होता. पण त्या तारखेला घडले ते टिळकांच्या नेमके उलटे. बर्फ त्या सुमाराला येत नव्हते, जात होते. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या अलीकडे जग तापत आले. ध्रुवाकडचा त्याआधीचा उबदार काळ शोधायचा तर सव्वा लाख वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे कुठला यज्ञ आणि कुठली उषासूक्ते! ज्या शास्त्राच्या खांद्यावर टिळक चढले, त्याच शास्त्राने खांदा काढून घेतला. पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र निघतच राहिल्या.

याच हिमयुगाच्या जन्मकथेत आणखी एक माणूस आहे, तो आपण ओळखून ठेवायला हवा. लुई आगासी, स्वित्झर्लंडचा. हिमयुगाची कल्पना १८४० साली पुस्तक लिहून त्याने जगाच्या गळी उतरवली. पुढे अमेरिकेत हार्वर्डला प्राध्यापक झाला. हिमनद्यांनी दगडावर ओढलेले ओरखडे वाचणारा हा माणूस म्हणत असे की काळे आणि गोरे वेगवेगळे निर्माण झाले, एका मुळाचे नव्हेत. ते दाखवून द्यायला १८५० साली त्याने दक्षिण कॅरोलायनातल्या गुलाम माणसांची उघडी छायाचित्रे काढवली, बायकांचीसुद्धा. ती १९७६ साली हार्वर्डच्या संग्रहालयाच्या माळ्यावर सापडली. त्या गुलामांचे वंशज म्हणवणाऱ्या एका बाईने २०१९ साली विद्यापीठावर दावा लावला आणि २०२५ साली तडजोड होऊन छायाचित्रे दक्षिण कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांच्या संग्रहालयाकडे द्यायचे ठरले. काळ्या पँथरांचे नाव आपण १९७२ साली आपल्या छावणीला लावून घेतले ते उगाच नाही. त्यांच्या पणजोबांना उघडे करून उभे करणारा आणि टिळकांना ध्रुवाची वाट दाखवणारे शास्त्र उभारणारा, माणूस एकच. हिमयुग खोटे ठरत नाही त्याने. पण शास्त्र खरे आणि शास्त्रज्ञाच्या डोक्यातली उतरंड खोटी, दोन्ही एका टोपीखाली राहू शकतात.

आता पायाखाली बघू. सिंहगडावर टिळकांचा बंगला अजून दाखवतात. तो ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तोच दगड इथे मुळशीत, ताम्हिणीच्या कड्यांत, धरणाच्या भिंतीखाली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. दोन लोटांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो मधल्या विसाव्याचा. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाखाली आहे. डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, म्हणून साहेबांनी याला 'डेक्कन ट्रॅप' म्हटले. ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेत जिना. वडाराला, पाथरवटाला हा दगड पुस्तकाविना कळतो. कुठला कातळ सुतकीखाली सरळ फुटेल, कुठला ठिसूळ, कुठे मुरूम लागेल, हे तो घणाच्या आवाजावरून सांगतो. त्याला भूशास्त्रज्ञ कुणी म्हटले नाही, तो भाग वेगळा.

हा दगड शास्त्राच्या नजरेने पहिल्यांदा पाहणाऱ्यांत विल्यम साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी होता. १८३० च्या दशकात त्याने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी दख्खनच्या भूगर्भावर निबंध लिहिला. त्याच साइक्सने १८४१ साली फा-हियान या चिनी भिक्खूच्या प्रवासवर्णनाच्या आधाराने दुसरा लांबलचक निबंध लिहिला. त्यात मुसलमानी आक्रमणाआधीच्या भारतात बौद्ध धम्म किती दूरवर पसरला होता ते त्याने मांडले, पाली लेख संस्कृत लेखांहून जुने असल्याचे दाखवले आणि ब्राह्मणी पुरातनत्वाच्या गप्पांवर शंका घेतली. शेजारच्या मावळातली कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच दगडात कोरलेली आहेत. दगड तोच, साइक्सही पाहतो, टिळकही त्यावर बसतात. एकाला त्यात लेणी दिसतात, दुसऱ्याची नजर नायगाऱ्यावर जाते.

या दगडाचे वय एक वर्ष धरा. माणूस नावाचा प्राणी, आपली सगळी जात, त्यातल्या शेवटच्या पावणेदोन दिवसांत जन्मला. टिळकांचे दहा हजार वर्षांचे पुरातनत्व भरते ऐंशी मिनिटांचे. ऐंशी मिनिटांत कुणी आधी आले आणि कुणी नंतर, यावर एवढा माज!

पण भूगर्भशास्त्राने संस्कृतीला वय दिले, तसे एक चित्रही दिले, आणि ते जास्त घातक ठरले. ते चित्र म्हणजे थर. खाली जुना, वर नवा. दगडापुरते हे सरळ आहे. अठराव्या शतकातले युरोपी भूशास्त्रज्ञ सर्वांत खालच्या खडकाला 'प्रिमिटिव्ह' म्हणत, म्हणजे आधीचा, एवढेच. तोच शब्द माणसांना लावला की त्याचा अर्थ 'रानटी' होतो. साहेबांनी हिंदुस्थानचा समाज असाच कापून दाखवला: तळाशी आदिवासी, त्यावर द्रविड, सगळ्यांत वर आर्य. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले तर नाक मोजायची पट्टी घेऊनच बसला. नाक जेवढे रुंद तेवढी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. मराठी मुलखातल्या माणसांना, ब्राह्मणापासून कुणब्यापर्यंत, त्याने 'सिथो-द्रविड' असे नाव दिले. मुळशीच्या मावळ्याला आपण सिथियन आहोत हे त्या दिवशी कळले असेल!

यातली चलाखी बघा. दगडाच्या थरात खालचा हा हलका नसतो. वरच्याचा भार तो पेलतो खरा, पण वरच्याचे उष्टे खात नाही. वरच्या दगडाने खालच्याला पाणवठा बंद केल्याचे कुठल्या भूशास्त्रज्ञाने नोंदवलेले नाही. शिवाय सह्याद्रीत जागोजागी लाव्हाच्या उभ्या भिंती आहेत, खालून निघून सगळे थर चिरत वर आलेल्या. समाजाचे चित्र काढणाऱ्यांनी त्या भिंती सोयीने वगळल्या. थर म्हटले की दोष कुणाचाच राहत नाही. निसर्गाने रचले, काळाने दाबले, आता ते तसेच असणार.

आपल्या विद्यापीठांनीही ही मोजपट्टी पुष्कळ वापरली. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली शिकायला गेल्या. हाच फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकात वंशाची प्रतवारी दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. बाईंनी मोजले आणि तशी दिसत नाही असे गुरूच्या तोंडावर लिहून दिले. हे धैर्य मानले पाहिजे. तरी परत येऊन डेक्कन कॉलेजात डोकी मोजायचे काम चालूच राहिले. कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचे महाराष्ट्राच्या शरीरमापनावरचे पुस्तक १९५१ चे आहे. पट्टीवरचा विश्वास गेला तरी पट्टी हातातून सुटत नाही. गोळवलकरांचा प्रकार याहून गमतीचा. आर्य बाहेरून आले असे म्हटले तर हिंदू परके ठरतात, आणि टिळकांना खोटे तर म्हणता येत नाही. तेव्हा १९३९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तोड काढली की त्या काळी उत्तर ध्रुवच बिहार-ओरिसाच्या भागात होता. आर्य जागचे हलले नाहीत, ध्रुव हलला! शास्त्राला घरगडी केले की तो सांगाल ते सामान उचलतो.

मग आपल्या बाजूने काय झाले? जोतिराव फुले पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला बांधकामाचा माल पुरवणारे कंत्राटदार होते, दगडाशी त्यांचा रोजचा संबंध. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी आर्यांच्या स्वारीची साहेबी कथा उचलली आणि ब्राह्मणांवर उलटवली: तुम्ही श्रेष्ठ म्हणून वर नाही, चढाई करून वर बसलात. समुद्र हटवून कोकण काढणाऱ्या परशुरामाला त्यांनी जाहीर पत्र लिहिले की चिरंजीव असशील तर हजर हो. त्या काळात ते हत्यार होते आणि त्यांनी ते नेमके मारले.

बाबासाहेबांनी मात्र ते हत्यार तपासून खाली ठेवले. आपल्याकडे हे कुणी नीट वाचत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज्?'मध्ये ते टिळकांच्या ध्रुववादापाशी येतात आणि एक साधा प्रश्न टाकतात: वैदिक आर्यांचे सारे जगणे घोड्याशी बांधलेले, मग ध्रुवाकडे घोडा होता काय? नसेल तर हा वाद डळमळतो. आज या प्रश्नाचे अर्धे उत्तर टिळकांच्या बाजूचे आहे. हिमयुगातल्या रानघोड्यांची हाडे सैबेरियाच्या उत्तरेला आणि अलास्कात सापडली आहेत. उरलेले अर्धे त्यांच्या विरुद्ध आहे. आजचा माणसाळलेला घोडा पसरला तो रशियाच्या दक्षिणेकडच्या गवताळ मुलखातून, सुमारे ४ हजार २०० वर्षांपूर्वी. हे सांगताना बाबासाहेबांचा कमीपणा होतो असे ज्याला वाटते त्याने त्यांचे वाक्य पुन्हा पाहावे. त्यांनी निकाल दिलेला नाही, शास्त्राकडे प्रश्न पाठवला आहे.

आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर त्यांनी रिस्लेच्या परंपरेतली नाकांची मापेच पुढे ओढली. मापे खरी मानता ना? मग बघा: ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे वेगळे वंश दाखवत नाहीत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी वंशात शोधले नाहीच. ते पराभूत होऊन विखुरलेल्या माणसांत, बौद्धांबद्दलच्या द्वेषात आणि गोमांसाच्या प्रश्नात शोधले, म्हणजे माणसांच्या करणीत. १९१६ च्या निबंधात जातीचे मर्म म्हणून त्यांनी जातीतल्या जातीत लग्न हे सांगितले होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने काढले ते असे: सुमारे ४ हजार २०० ते १ हजार ९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले समूह एकमेकांत भरपूर मिसळले, आणि मग मिसळणे थांबत गेले. गवताळ मुलखातून आलेल्यांचा अंश कुणात कमी कुणात जास्त, ब्राह्मणांत पुष्कळदा जास्त, हे खरे. पण शुद्ध कुणीच नाही. जे बघायचे ते हे की मिसळणे कुणी थांबवले.

'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात, ३१ जानेवारी १९२० ला, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात एकेक मजला, आणि मजल्यावरून मजल्यावर जायला जिना नाही. थर आणि मजला यांत फरक एवढाच की मजला कुणीतरी बांधतो. गवंडी असतो, मालक असतो, जिना न ठेवण्याचा हुकूम असतो. ही उपमा आपण भाषणांत हजारदा वापरली आणि तिचा अर्थ विसरलो.

विसरलो म्हणतो ते का? पौडच्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने पत्रक आणले. त्यात लिहिले होते की आपण मूलनिवासी, या भूमीचा सर्वांत खालचा आणि जुना थर, दख्खनच्या काळ्या दगडाइतके जुने. वरचे सगळे विदेशी वंशाचे. खाली गोंडवनाचा नकाशा छापला होता, जुन्या महाखंडाचा. पोरगा मनापासून बोलत होता. त्याच्या रागात काही खोटे नव्हते. मी त्याला विचारले, तुझ्या गावच्या ठाकरवाडीशेजारी कातकऱ्यांची झोपडी आहे. थराचाच हिशेब लावायचा तर तो तुझ्याही खाली. मग त्याला तू काय म्हणणार, मूळचा मूलनिवासी? आणि तुझ्या वर कोण, धनगर? पहिला कोण आला याची रांग लावली की लगेच दुसरा, तिसरा, चौथा लागतो. मनोरा तोच राहतो, फक्त डोक्यावर उभा.

गोंडवनाचे तर ऐकण्यासारखे आहे. भूशास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात मध्य हिंदुस्थानातल्या कोळसा असलेल्या खडकांना गोंडांच्या मुलखाचे नाव दिले. नंतर झ्यूस नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने तेच नाव अख्ख्या महाखंडाला लावले. गोंडांचे नाव आज जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. चंद्रपूरचा कोळसा त्याच गोंडवनी खडकातला, पण खाणीवर मालकी गोंडांची झाली नाही. दगडाला नाव मिळाल्याने जमीन मिळत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला दावा लावावा लागतो तो वहिवाटीचा, महाखंडाचा नव्हे.

मुळशीत हे सगळ्यांत स्वच्छ दिसते. टाटांनी इथे धरण बांधले ते दगडाची रचना पाहूनच. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस, आणि पश्चिमेला सुमारे पाचशे मीटरांचा सरळ कडा. पूर्वेला जाणारे मुळेचे पाणी उलटे फिरवून कोकणात भिऱ्याला सोडले की वीज. १९२७ पासून ती चालू आहे. पन्नासच्या आसपास गावे त्यात गेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथे सत्याग्रह सुरू झाला आणि बापटांना 'सेनापती' हे नाव त्यातून मिळाले. राजेंद्र व्होरा यांचे त्यावरचे पुस्तक जरूर वाचा. बुडणाऱ्या जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा बोजा किती होता आणि मोबदल्याच्या वेळी कोण कुठल्या बाजूला उभे राहिले, ते त्यात कळते. मावळ्याचे कूळ त्या खोऱ्यात किती पिढ्यांचे, हे सरकारने विचारले नाही. कागदावर नाव कुणाचे, एवढेच विचारले. महारवाड्याचे तर नाव निघाले तरी वतनाच्या जमिनीपुरते, आणि ती जमीन चाकरीच्या बदल्यात. त्या वतनाचा १८७४ चा कायदा बदलायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, आणि तीही सारा भरून जमीन पुन्हा मंजूर करून घ्यायच्या अटीवर. किती जणांनी भरला, किती जणांच्या जमिनी नंतर अर्ध्या कागदावर हस्तांतरित झाल्या, हे प्रत्येक गावचे तलाठी दप्तर सांगेल. आज याच तालुक्यात हिंजवडी आहे. तिथे गुंठ्याचा भाव काय, ते मी सांगायला नको.

पुढच्या बैठकीत 'द अनटचेबल्स'मधले वंशभेदाचे प्रकरण वाचणार आहोत. त्यानंतर दुपारी फेरफार कसा वाचायचा ते शिकणार आहोत. ज्याच्याकडे गावच्या महार वतनाचा जुना उतारा असेल, फाटका असला तरी, त्याने तो घेऊन यावे.